हाडांचा रोग आणि कंठातले मूळ

पहिले महायुद्ध संपत आले त्या सुमारास अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवर चार्ल्स मार्टेल नावाचा एक तरुण कप्तान होता. सहा फुटांहून उंच, भरदार अंगाचा, समुद्रावरच्या कष्टांना सरावलेला हा मनुष्य ऐन उमेदीत पाय आणि पाठ दुखत असल्याची तक्रार करू लागला. पुढे किरकोळ धक्क्यानेही त्याची हाडे मोडू लागली, छाती पुढे आली, मान खांद्यांत रुतल्यासारखी आखूड झाली, मूत्रातून पांढरी कणी पडू लागली, आणि सात-आठ वर्षांच्या अवधीत त्याची उंची सुमारे सात इंचांनी घटली. १९२६ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात युजीन ड्युबॉय या वैद्याने त्याच्या रक्तातील कॅल्शियम मोजविले तेव्हा ते नेहमीच्या प्रमाणापेक्षा पुष्कळच अधिक निघाले. सांगाडा असा झिजत चाललेला असताना हाडांचा मुख्य घटक रक्तात मात्र ओसंडून वाहत होता, या विसंगतीवरून ड्युबॉयने जे अनुमान बांधले ते त्या काळी धाडसाचेच म्हटले पाहिजे : कप्तानाच्या हाडांचा रोग हाडांत उत्पन्न झालेलाच नव्हता, त्याचे मूळ कंठातल्या, अवटु ग्रंथीच्या पाठीशी दडून बसणाऱ्या काही इवल्याशा ग्रंथींत होते.

हाड ही वस्तू आपण फार जड आणि निर्जीव समजतो. वस्तुतः जिवंत माणसाच्या अंगातले प्रत्येक हाड अहोरात्र मोडले जात असते आणि पुन्हा बांधले जात असते. अस्थिभंजक पेशी जुना भाग विरघळवितात, अस्थिजनक पेशी त्या जागी नवा थर घालतात, आणि या दोन व्यापारांचा तोल राहतो तोवर आपल्याला त्याची वार्ताही नसते. प्रौढ माणसाच्या देहात एक किलोच्या आसपास कॅल्शियम असते आणि त्याचा शंभरातला नव्याण्णव हिस्सा हाडांत व दातांत असतो. उरलेला जो एक हिस्सा, त्यावर हृदयाचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेशवहन, स्नायूंची हालचाल, रक्ताचे गोठणे इतक्या सगळ्या गोष्टी अवलंबून असतात. म्हणून रक्तातील कॅल्शियम दर शंभर मिलिलीटरला साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम या अरुंद मर्यादेत राखणे शरीराला भाग पडते. ते घटले तर हातापायांना पेटके येतात, वाढले तर मन, आतडी आणि मूत्रपिंडे यांचा कारभार बिघडतो. ही मर्यादा राखण्याचे काम परावटु ग्रंथींकडे आहे. डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. बहुतेक माणसांत त्या चार असतात; प्रत्येकीची लांबी पाच-सहा मिलिमीटर, वजन अवघे चाळीस मिलिग्रॅमच्या घरात, रंग पिवळसर तपकिरी, आणि आसपासच्या मेदाशी इतका मिळताजुळता की अनुभवी शस्त्रवैद्याच्या नजरेलाही त्या सहज गवसत नाहीत.

हाडांना शरीराचा खजिना म्हटले तर परावटु ग्रंथींचे संप्रेरक हा त्या खजिन्यावरचा अंमलदार ठरतो. रक्ताच्या चालू खर्चात तूट आली की तो खजिन्यातून रक्कम काढण्याचा हुकूम देतो, मूत्रपिंडांना ताकीद देतो की वाहून जाणारे कॅल्शियम परत जमेस धरा, आणि त्याच मूत्रपिंडांकरवी ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देववून आतड्यांमार्फत अन्नातली वसुली वाढवितो. तूट भरून निघाली की लगेच हात आखडता घेतो. या संप्रेरकाचे आयुष्य रक्तात जेमतेम काही मिनिटांचे असल्यामुळे असा चढउतार घटकेघटकेला चाललेला असतो. परंतु चारपैकी एखाद्या ग्रंथीवर गाठ उत्पन्न झाली म्हणजे तिला शिल्लक पाहण्याची बुद्धीच राहत नाही. रक्तात कॅल्शियम भरपूर असतानाही तिचे हुकूम सुटतच राहतात, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या या अवाजवी उचलीने खजिना पोकळ होत जातो.

अशी गाठ शंभरातील सुमारे पंच्याऐंशी रुग्णांत एकाच ग्रंथीवर असते आणि ती साधी असते. कर्करोग फार क्वचित, शंभरात एकाहूनही कमी. काही थोड्या रुग्णांत चारही ग्रंथी वाढलेल्या आढळतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार तिपटीने अधिक, आणि त्यातही रजोनिवृत्तीनंतरच्या वयात विशेष.

या ग्रंथींचा शोध लागण्याचा इतिहास चमत्कारिक आहे, आणि त्याचा आरंभ आपल्या देशातल्या एका जनावरापासून होतो. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८३४ पासून एक भारतीय गेंडा होता. १८४९ साली तो मेला तेव्हा रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन केले आणि त्या प्रचंड देहाच्या मानेत, अवटु ग्रंथीला चिकटून असलेला एक छोटासा पिवळा ग्रंथिमय गोळा त्याच्या चौकस दृष्टीला पडला. त्याने नोंद केली, पण तिचा अर्थ कोणाला उमगला नाही. तीसएक वर्षांनंतर स्वीडनमधील उप्साला येथे इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने प्रथम कुत्र्यात, मग इतर प्राण्यांत आणि अखेर मानवी प्रेतांत या ग्रंथी शोधून काढल्या व १८८० साली त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्या निबंधाची म्हणावी तशी दखल त्याच्या हयातीत कोणी घेतली नाही. १८८९ साली, अगदी तरुण वयात, त्याने स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपविले. माणसाच्या शरीरात इतक्या उशिरा सापडलेला दुसरा अवयव क्वचितच असेल, आणि तो दाखवून देणाऱ्याच्या वाट्याला आलेली उपेक्षा मनाला लागल्यावाचून राहत नाही.

दुसरीकडे स्ट्रासबर्ग येथे फॉन रेक्लिंगहाउझेन याने १८९१ मध्ये हाडांच्या एका विलक्षण रोगाचे वर्णन केले, ज्यात हाडातील मगज नाहीसा होऊन त्या जागी तंतू भरतात आणि मधूनमधून पोकळ कोश तयार होतात. त्या हाडांचा कंठाशी काही संबंध असेल ही कल्पना त्यालाही नव्हती. संबंध हळूहळू दिसू लागला तो शवविच्छेदनाच्या टेबलावर : अशा रुग्णांच्या मानेत पुष्कळदा परावटु ग्रंथीची गाठ आढळे. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे त्यांतली कारण कोणती आणि परिणाम कोणता, हा प्रश्न उरतोच. व्हिएन्नाचा याकोब एर्डहाइम हा मोठा साक्षेपी संशोधक. हाडे मऊ पडण्याच्या रोगात चारही परावटु ग्रंथी फुगलेल्या असतात हे त्याने पाहिले आणि निष्कर्ष काढला की आजारी हाडांच्या साह्यासाठीच या ग्रंथी वाढत असाव्यात. हा निष्कर्ष त्याने पाहिलेल्या रोगापुरता अगदी खरा होता. ड जीवनसत्त्वाच्या अभावी किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे कॅल्शियम उणे पडते तेव्हा ग्रंथी खरोखरच नाइलाजाने वाढतात. मात्र त्याच्या अधिकाराच्या वजनामुळे तोच निष्कर्ष सरसकट सर्व रुग्णांना लावला गेला आणि वैद्य अशा रुग्णांना ग्रंथींचा अर्क पाजू लागले. व्हिएन्नातच फ्रीडरिश श्लागेनहाउफर याने १९१५ मध्ये एक साधा पण मर्मभेदी आक्षेप घेतला. हाडांच्या मदतीसाठीच जर ग्रंथी वाढत असतील तर चारही वाढल्या पाहिजेत. एकटीच का वाढावी? जिथे एकच ग्रंथी वाढली आहे तिथे ती रोगाचे कारणच समजावी आणि कापून काढावी, असे त्याचे म्हणणे होते.

त्या म्हणण्याची परीक्षा होण्यास आणखी दहा वर्षे लागली. अल्बर्ट नावाचा, व्हिएन्नाच्या ट्रामगाडीवर काम करणारा एक गृहस्थ मांडीचे हाड मोडून फेलिक्स मांडल या तरुण शस्त्रवैद्याकडे आला होता. मांडलने प्रचलित मताला धरून प्रथम त्याला ग्रंथींचा अर्क दिला. गुण आला नाही. मग अपघातात मृत्यू पावलेल्या एका माणसाच्या परावटु ग्रंथी त्याच्या अंगात बसविल्या. रुग्ण आणखीच खालावला. सर्व उपाय थकल्यावर १९२५ च्या जुलै महिन्यात त्याने उलटी वाट धरली, कंठ उघडला आणि सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची गाठ काढून टाकली. थोड्याच दिवसांत मूत्रातून वाहणारे कॅल्शियम आटले, वेदना शमल्या, आणि पुढे काही महिन्यांनी, अंथरुणाला खिळलेला तो मनुष्य काठीच्या आधाराने चालू लागला. काही वर्षांनी रोगाने पुन्हा उचल खाल्ली आणि १९३६ साली तो वारला हे खरे, तथापि कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली होती, हे त्या एका शस्त्रक्रियेने कायमचे सिद्ध केले.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळात पाठविलेल्या कप्तान मार्टेलची कंठावरील पहिली शस्त्रक्रिया झाली १९२६ मध्ये, म्हणजे या घटनेनंतर वर्षभराच्या आतच. गाठ सापडली नाही. दुसऱ्यांदा कंठ उघडला, तरी सापडली नाही. पुढील सहा वर्षांत अशा एकूण सात शस्त्रक्रिया झाल्या. पहिल्या सहा निष्फळ ठरल्या आणि दरम्यान कप्तानाची मूत्रपिंडे खड्यांनी भरत गेली. असे सांगतात की त्याने स्वतः हार्वर्डच्या वैद्यकीय ग्रंथालयात बसून शरीररचनेचे ग्रंथ वाचले आणि कंठात नसेल तर छातीत शोधा, असा आग्रह धरला. तो आग्रह शास्त्राला धरून होता. गर्भावस्थेत खालच्या दोन परावटु ग्रंथी ज्या कोशापासून उत्पन्न होतात त्याच कोशातून छातीतील थायमस ग्रंथीही निघते. थायमस खाली सरकताना कधी कधी परावटु ग्रंथीला आपल्याबरोबर उरोस्थीच्या मागे घेऊन जाते. १९३२ साली एडवर्ड चर्चिल आणि ऑलिव्हर कोप या दोघा शस्त्रवैद्यांनी उरोस्थी चिरून मध्यवक्षात प्रवेश केला आणि सुमारे तीन सेंटिमीटरची ती गाठ अखेर हाती लागली. ग्रंथी एकाएकी निघाल्याने कॅल्शियम अतिशय खाली जाईल या भीतीने त्यांनी तिचा लहानसा तुकडा मागे ठेवला होता, तरीही पेटके आलेच; ते सावरतात न सावरतात तोच मूत्रमार्गात अडकलेल्या खड्याने दगा दिला आणि काही आठवड्यांत कप्तान मरण पावला. गाठ सापडूनही रोगी हातचा गेला, कारण तोपर्यंत फार उशीर झाला होता. ज्या रोगाचे निदान एका रक्ततपासणीने होऊ शकते, त्यात असा उशीर आजही आपल्याकडे होतो, आणि हा लेख लिहिण्याचे प्रयोजन तेच आहे.

हाडांत नेमके काय घडते हे पाहायचे असेल तर रुग्णाच्या हाताचे क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरावे. तर्जनी आणि मध्यमा यांच्या मधल्या पेराची अंगठ्याकडील कड निरोगी माणसात एखाद्या रेषेसारखी सरळ व स्वच्छ दिसते. या रोगात ती कड कुरतडल्यासारखी, दातेरी झालेली असते. हाडाच्या आवरणाखालून अस्थिभंजक पेशींनी केलेला हा ऱ्हास इतका वैशिष्ट्यपूर्ण असतो की जाणता क्ष-किरणतज्ज्ञ पुष्कळदा तेवढ्यावरूनच रोग ओळखतो. कवटीच्या चित्रात बारीक ठिपके दिसतात, दातांच्या मुळांभोवतीची शुभ्र रेषा नाहीशी होते, आणि जबडा, बरगड्या, कंबरेचे हाड किंवा नडगी यांत कोठेतरी पोकळ गाठी तयार होतात. या गाठींत जुन्या रक्तस्रावाचे लोह साठून राहते व त्याने त्यांना तपकिरी रंग येतो, म्हणून डॉक्टर त्यांना ब्राउन ट्यूमर म्हणतात. त्या अर्बुद नव्हेत. परंतु हिरडीवर सूज आली म्हणून दंतवैद्याकडे गेलेल्या माणसाला किंवा मांडीत पोकळी दिसली म्हणून घाबरलेल्या कुटुंबाला प्रथम शंका येते ती कर्करोगाची किंवा हाडांच्या क्षयाची. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातला तुकडा पाहिला तरी मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशींमुळे निराळ्याच गाठीचा भास होऊ शकतो. रक्तातले कॅल्शियम पाहिल्याशिवाय अशा गाठीवर सुरी चालवू नये, हे माझे मत मी येथे नि:संकोच नोंदवितो.

पाश्चात्य देशांत गेल्या पन्नास वर्षांत या रोगाचे रूप पालटले. १९७० च्या सुमारास रक्ताच्या एकाच नमुन्यात अनेक घटक आपोआप मोजणारी यंत्रे इस्पितळांत आली आणि दुसऱ्याच कारणाने रक्त तपासले असता कॅल्शियम वाढलेले सापडू लागले. त्यामुळे तिथले बहुसंख्य रुग्ण हाडे मोडण्याच्या कितीतरी आधीच ओळखले जातात. आपल्याकडे, मुंबई, दिल्ली, लखनौ, चंदीगड येथील मोठ्या इस्पितळांतल्या वैद्यांनी वर्षानुवर्षे नोंदविलेला अनुभव वेगळा आहे. आपले पुष्कळ रुग्ण वयाने तरुण असतात आणि येतात तेच हाडांच्या वेदना, अस्थिभंग किंवा मूत्रखडे घेऊन. याला निदानातला विलंब हे एक कारण, आणि दुसरे असे की भरपूर उन्हाच्या या देशात ड जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते, आणि ती असली म्हणजे परावटु ग्रंथीची गाठ हाडांवर अधिकच क्रूरपणे तुटून पडते. एर्डहाइमने पाहिलेला रोग आणि मांडलने बरा केलेला रोग हे दोन्ही येथे एकाच देहात एकत्र नांदतात.

अशा रुग्णाची हकीकत बहुधा एकाच वळणाने जाते. चाळिशीतली एखादी बाई कंबर आणि पिंढऱ्या दुखतात म्हणून गावच्या डॉक्टरांकडे जाते. वाताचा त्रास आहे असे सांगून गोळ्या दिल्या जातात, कोणी शेजारीण कॅल्शियमच्या गोळ्या सुचविते, कोणी तेल चोळायला सांगते. पुढे थकवा येतो, तहान लागते, वारंवार लघवीला जावे लागते, बद्धकोष्ठ राहते, कशातच मन लागत नाही, घरचे म्हणतात, 'अहो, तिचं वयच तसं आहे.' एकदा मूतखडा होतो, तो पडतो किंवा काढला जातो, पुन्हा होतो. अखेर अंगणात पाय घसरून मांडीचे हाड मोडते, शस्त्रवैद्य सळई घालतात, हाड सांधायला अवाजवी विलंब लागतो, आणि तेव्हा कोणी दक्ष डॉक्टर रक्तातील कॅल्शियम तपासण्यास सांगतो. या सर्व टप्प्यांवर निरनिराळ्या डॉक्टरांनी त्या त्या तक्रारीवर उपचार केलेले असतात. उणीव एवढीच की हाडे, खडे, पोट आणि मन यांच्या तक्रारी एकत्र मांडून कोणी पाहिलेल्या नसतात.

म्हणून वारंवार होणारे मूत्रखडे, क्षुल्लक आघाताने झालेला अस्थिभंग, तरुण वयातील हाडांची झीज किंवा जबड्यातील गाठ यांपैकी काहीही असले तर रक्तातील कॅल्शियम, त्याच्या जोडीला प्रथिनांपैकी अल्ब्युमिन आणि फॉस्फरस, या तपासण्या आपण होऊन मागाव्यात; त्या जिल्ह्याच्या ठिकाणी सहज होतात आणि फार खर्चिकही नाहीत. कॅल्शियम वाढलेले निघाले तर परावटु संप्रेरक मोजतात. कॅल्शियम जास्त असताना ते संप्रेरक खाली गेले पाहिजे. ते जर वाढलेले असेल, किंवा नेहमीच्या मर्यादेतच राहिले असेल, तरीही दोष ग्रंथीत आहे असे समजतात. मूत्रातील कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हेही पाहावे लागते, कारण एका आनुवंशिक प्रकारात रक्तातील कॅल्शियम वाढलेले असूनही शस्त्रक्रियेची गरज नसते. निदान पक्के झाल्यावर गाठ कोठे आहे हे शोधण्यासाठी मानेची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी नावाचे किरणोत्सारी द्रव्य टोचून घेतलेली प्रतिमा यांचा आधार घेतात. गाठ त्यात बहुधा उठून दिसते, छातीत असली तरी. कप्तानाच्या काळी असे साधन असते तर सहा वेळा कंठ चिरावा लागला नसता.

शस्त्रक्रिया आता पुष्कळ सोपी झाली आहे. गाठ एकच आणि तिची जागा निश्चित असेल तर मानेवरच्या लहानशा छेदातून ती काढता येते. ती निघताच संप्रेरक झपाट्याने घसरते, आणि दहा मिनिटांत ते निम्म्याने उतरले की गाठ पुरती निघाल्याची शस्त्रवैद्याला खात्री पटते. खरी कसोटी त्यानंतरच्या दिवसांत असते. वर्षानुवर्षे लुटली गेलेली हाडे हुकूम थांबताच रक्तातले कॅल्शियम अधाशासारखे शोषून घेऊ लागतात, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, गालावर बोटाने हलकेच टिचकी मारली तरी ओठाचा कोपरा फडकतो. हाडांचा रोग जितका जुना तितका हा काळ लांबतो, आणि शिरेतून व तोंडाने कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देत काही रुग्णांना आठवडेच्या आठवडे सांभाळावे लागते. घरी गेल्यावर मुंग्या आल्या तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच नातेवाइकांच्या मनावर ठसविले पाहिजे.

या चिकाटीचे फळ मोठे असते. अस्थिवेदना बऱ्याचदा थोड्याच आठवड्यांत ओसरतात, तपकिरी गाठी कोणी हात न लावता हळूहळू भरून येतात, हाडांची घनता पुढील एक-दोन वर्षे वाढत राहते, आणि न सांधलेला अस्थिभंग सांधतो. वाकलेले हाड मात्र आपोआप सरळ होत नाही, खचलेला मणका उभा राहत नाही आणि निकामी झालेले मूत्रपिंड पूर्ववत होत नाही. निदान लवकर होण्याचे महत्त्व आहे ते यासाठी. सहा महिन्यांनंतरही रक्तातील कॅल्शियम मर्यादेत असले तरच रोग बरा झाला असे मानतात, म्हणून ती तपासणी चुकवू नये. रुग्ण अगदी तरुण असेल, किंवा एकाहून अधिक ग्रंथी वाढलेल्या निघाल्या, तर हा विकार कुळातून आलेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी आईवडील, भावंडे आणि मुले यांच्याही रक्तातील कॅल्शियमची तपासणी करून घ्यावी.